उंटाने हरवलेले चाक

इतिहासाच्या मास्तराबरोबर सहलीला जाऊ नये, असे आमच्या सौ.चे जुने मत आहे आणि ते खोटे म्हणता येत नाही. हंपीला गेलो तेव्हा सगळी मंडळी जेवायला बसली होती आणि मी दगडी रथाच्या चाकापाशी उभा होतो. गेल्या दसऱ्याच्या सुटीत इजिप्तला निघालो तेव्हा तिने आधीच बजावले होते, "कैरो आणि लक्झर तुमचे. शेवटचे दोन दिवस समुद्राचे. तिथे इतिहास काढायचा नाही." मी मान डोलावली. पण इतिहास काढावा लागत नाही, तो आपण होऊन पुढ्यात येऊन बसतो.

शेवटचा मुक्काम तांबड्या समुद्राच्या काठी हुरघाडा या गावी होता. एके काळचे हे कोळ्यांचे खेडे. १९८० नंतर इथे हॉटेलांची रांग उभी राहिली. पुढे निळे पाणी, मागे लगेच वाळवंट आणि त्याच्यामागे उघडेबोडके डोंगर. सहलीच्या कागदावर लिहिले होते : दुपारी वाळवंटात क्वाड बाईक, नंतर उंटाची सवारी, चहा, सूर्यास्त.

क्वाड बाईक म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल. तोंडाला फडके बांधून, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी तिच्यावर बसलो. पुढे एक तरुण वाटाड्या आणि त्याच्यामागे आम्ही बाराजण रांगेने. अर्धा तास मी पुढच्याच्या धुळीखेरीज काही पाहिले नाही, पण खोटे कशाला बोलू, मजा आली. मूठ पिरगळली की वाळूवरून ते यंत्र असे पळते की आपण आपले वय आणि शाळेतली पगारपत्रके विसरतो.

मग उंट. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे कलंडतो. पंधरा मिनिटांच्या त्या सवारीत आमच्यातल्या एकाने "काय सर, उंटावरचा शहाणा!" अशी कोटी केलीच. उंटाची दोरी एका म्हाताऱ्याच्या हातात होती. तो काही बोलत नव्हता. बोलत होता तो वाटाड्या, आणि भारतीय दिसलो म्हणून दर दोन वाक्यांनंतर अमिताभ बच्चनचे नाव घेत होता.

परतताना आम्हांला आणणारी जीप वाळूत रुतली. चालकाने इंजिन रेटले तसे चाक आणखी खाली गेले. दोघांतिघांनी ढकलून पाहिले. तेवढ्यात तो म्हातारा उंट बसवून आला, चाकापाशी उकिडवा बसला आणि खिळ्याच्या टोकाने एकेका टायरमधली हवा सोडू लागला. चारही टायर पार मऊ पडले तेव्हा त्याने चालकाला खूण केली. जीप जराशी थरथरली आणि हळूच वर आली.

मी त्याच्याकडे बघत राहिलो होतो. आमची भाषा एक नव्हती. त्याने मूठ वळली आणि वाळूत दाबली. ती रुतली. मग पंजा पसरून ठेवला. तो वरच राहिला. मग त्याने बसलेल्या उंटाच्या पायाकडे बोट दाखवले. उंटाच्या पावलाखाली खूर नसून रुंद, मऊ गादी असते आणि भार पडला की ती पसरते. एवढा धडा त्याने मला अर्ध्या मिनिटात, खडू-फळ्याशिवाय दिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण सांगायचे तर थोडे घरचे सांगावे लागेल.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरी सुतारकी होती. आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीची चाके करीत. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हां पोरांचा सण. गोवऱ्यांच्या आरात ती लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, लोखंड आखडे आणि लाकूड करकरून एकजीव होई. पाणी ओतण्याचे काम माझे होते.

नववीत असताना ‘मानवाची प्रगती’ या निबंधाला मला तालुक्यात पहिले बक्षीस मिळाले. त्यात मी एक शिडी मांडली होती : आधी माणूस पायी चालला, मग त्याने जनावरावर ओझे लादले, मग चाक आले, मग बैलगाडी, मग टायरची गाडी, मग मोटार. तेव्हा आमच्या भागात टायरच्या गाड्या नुकत्याच वाढू लागल्या होत्या. निबंध मी आबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि विचारले, "मग ह्या शिडीत मी कुठल्या पायरीवर हाय रे?"

मला उत्तर देता आले नाही. तीन-चार वर्षांत त्यांनी शेवटची धाव चढवली. पुढे ते दारे-खिडक्या करीत राहिले. पण मी मास्तर झालो आणि तीस वर्षे तीच शिडी फळ्यावर काढत आलो. हुरघाडाच्या त्या वाळूत मला आबांचा प्रश्न आठवला, कारण ज्या जमिनीवर ती जीप रुतली होती तिथे ही शिडी इतिहासात एकदा चक्क उलटी झाली होती. तिथे चाक आधी होते. उंटाने त्याला हरवले.

वाचकांना हे विचित्र वाटेल. मलाही वाटले होते. म्हणून क्रमाने सांगतो.

हुरघाडाच्या मागे जे डोंगर दिसतात त्यांत रोमन लोकांच्या दगडाच्या खाणी होत्या. त्यांतल्या मॉन्स क्लॉडियानस या खाणीतले करडे खांब आजही रोमच्या पँथिऑन देवळाच्या दर्शनी ओसरीत उभे आहेत. हे प्रचंड दगड वाळवंट ओलांडून नाईल नदीपर्यंत गाड्यांवरून नेले जात. म्हणजे चाक तिथे अपरिचित नव्हते. त्याच काळात थोड्या दक्षिणेला दुसरी वाहतूक चाले, ती आपल्या जवळची. हुरघाडापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर कुसेर गावाजवळ मायोस होर्मोस हे बंदर होते आणि आणखी बरेच खाली बेरेनिके. हिंदुस्थानची गलबते या दोन बंदरांना लागत. स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो की, त्याच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास, मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघत.

जहाजातून उतरलेला माल नाईलकाठच्या कोप्टोस गावी न्यायचा तो उंटावरून. प्लिनीने बेरेनिके ते कोप्टोस हा प्रवास बारा दिवसांचा सांगितला आहे. उन्हामुळे तो बहुतेक रात्रीच करावा लागे. पूर्वीचे उंटवाले खलाशांसारखे ताऱ्यांवर नजर ठेवून चालत आणि पाणी बरोबर घेत, अशी स्ट्रॅबोची नोंद आहे. कोप्टोसला इसवी सन ९० मधला जकातीचा एक शिलालेख सापडला आहे. त्यात उंटाच्या परवान्याला एक ओबोल आणि त्या परवान्यावर शिक्का मारायला दोन ओबोल असा दर आहे. कागदापेक्षा शिक्का महाग. ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी कचेरीची पायरी चढली आहे त्याला या शिलालेखाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या मालात आपला वाटा किती होता? बेरेनिकेच्या उत्खननात एका देवळाच्या आवारात, हिंदुस्थानी रांजणात, साडेसात किलो काळी मिरी सापडली. २०२२ साली तिथेच संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. सातवाहन म्हणजे पैठणचे. इकडे आपल्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, १९४० नंतरच्या दशकात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी तिथे जाते आणि मुले त्या मूर्तीपुढून पाच सेकंदांत पुढे सरकतात. माझाच दोष. मी कधी त्यांना थांबवले नाही.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तकात पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावे आहेत. पैठणचे अकीक आणि तेरचे कापड अवघड, बिनरस्त्याच्या मुलखातून भडोच बंदराला येई, आणि ते गाड्यांतून येई, असे तो अनामिक व्यापारी सांगतो. मी हे वाक्य पूर्वी अनेकदा वाचले होते. पण ‘गाड्यांतून’ या शब्दाशी मी प्रथमच थबकलो. तेरचे कापड आधी बैलगाडीच्या चाकावर, मग गलबतात, मग उंटाच्या पाठीवर. त्या गाडीचे चाक दख्खनमधल्या कुणातरी आबानेच केलेले असणार.

आता उंटाच्या विजयाकडे येऊ. इसवी सन ३०१ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने महागाईला आळा घालण्यासाठी सगळ्या वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवून दिले. त्या फर्मानात वाहतुकीचेही दर आहेत. १२०० पौंडांच्या गाडीला मैलामागे २० दिनार आणि ६०० पौंडांच्या उंटाला ८ दिनार. गणित सातवीतला मुलगाही करील. जे ओझे एका गाडीला २० दिनारांत पडते तेच दोन उंटांना १६ दिनारांत पडते. उंट पाचव्या हिश्शाने स्वस्त. शिवाय त्याला रस्ता लागत नाही, पूल लागत नाही, जिथे झाडच दुर्मिळ तिथे चाकासाठी लाकूड आणावे लागत नाही आणि एकामागे एक बांधले तर एक माणूस चार-सहा उंट नेतो. त्याआधी काही शतके अरबांनी उंटाच्या पाठीवर नीट बसणारे खोगीर तयार केले होते. त्यामुळे ओझेही वाढले आणि उंटवाल्यांच्या हाती तलवारही आली.

रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकाराने १९७५ साली याच विषयावर ‘द कॅमल अँड द व्हील’ हे पुस्तक लिहिले. त्याचा निष्कर्ष असा की, सुमारे तिसऱ्या ते सातव्या शतकांच्या दरम्यान पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतून चाकाची गाडी जवळजवळ नाहीशी झाली. ज्या प्रदेशाने जगाला चाक दिले त्यानेच ते टाकून दिले! १७८० नंतरच्या दशकात सीरियात हिंडलेला व्होल्ने हा फ्रेंच प्रवासी आश्चर्याने लिहितो की या देशात कुठे गाडी म्हणून दिसत नाही. ती माणसे मागासलेली होती का? मुळीच नाही. त्यांनी हिशेब केला होता आणि त्या जमिनीवर तो हिशेब बरोबर होता.

मग आपल्याकडे असे का झाले नाही? उंट आपल्यालाही ठाऊक होता. मराठी रियासतीची पत्रे सांडणीस्वार पोचवीत. उंटाच्या पाठीवरच्या लहान तोफेला शुतरनाळ म्हणत. पण काळ्या मातीच्या चिखलात उंटाचे ते गादीसारखे पाऊल घसरते. आणि शेतीला बैल लागतच होता, तोच गाडीला जुंपला. म्हणून दख्खनमध्ये चाक टिकले. वाळूने एक न्याय दिला, चिखलाने दुसरा. शिडीच्या वरचे कोण आणि खालचे कोण, हे शेवटी जमीन ठरवीत होती.

चाक त्या वाळवंटात परत आले ते पेट्रोलवर आणि युद्धातून. पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात इंग्रजांनी फोर्ड मोटारींची गस्तीपथके काढली. १७ मार्च १९१६ रोजी ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने चिलखती मोटारी नेऊन बीर हकीम येथल्या सनुसींच्या तावडीतून ब्रिटिश कैदी सोडवले. वर्तमानपत्रांना दुसरे काय हवे! पण पूर्वेकडे सिनाईच्या वाळूत मोटारी चालेनात. तिथे वाळूवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी मैलोन्‌मैल अंथरून रस्ता करावा लागला. सैन्याचे पाणी आणि अन्न उंट वाहत होते. बिकानेर संस्थानचे उंटदळ, गंगा रिसाला, हेही सुवेझ कालव्याच्या रक्षणाला गेले होते.

त्या उंटांमागे चालणारी माणसे कोण होती? डिसेंबर १९१५ मध्ये इंग्रजांनी इजिप्तमध्ये उंट-वाहतूक दल उभारले. युद्ध संपेपर्यंत त्यात सुमारे १,७०,००० इजिप्शियन उंटवाले आणि ७२,५०० उंट राबले, असा अंदाज आहे. आधी मजुरीच्या आशेने माणसे आली. पुढे खेड्यांतून ती धरून आणली जाऊ लागली. १९१९ साली इजिप्तमध्ये इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला त्याच्या कारणांत ही सक्तीची भरतीही आहे. मोटारीतल्या ड्यूकचे नाव मला पाठ आहे. या पावणेदोन लाखांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही. तीस वर्षे मी मुलांना जे शिकवले तेही पुष्कळसे असेच होते.

यानंतर राल्फ बॅग्नॉल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी येतो. १९३० च्या आगेमागे सुटीत मित्रांना घेऊन, पदरच्या पैशाने, फोर्ड गाड्या घेऊन तो लिबियाच्या वाळूसागरात शिरला. मोटारीला वाळूत चालायला त्याने शिकवले असे म्हटले तरी चालेल. टायर रुंद घ्यायचे, त्यांतली हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळ घालायचे. १९४० साली याच ज्ञानावर त्याने सैन्याचे लांब पल्ल्याचे वाळवंटी पथक उभे केले आणि १९४१ साली उडत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर त्याचा ग्रंथ निघाला. तो अजून प्रमाण मानतात. त्या सगळ्या शास्त्राचे सार म्हाताऱ्याने मला मुठीने आणि पंजाने सांगितले होते. चाक वाळूत परत आले खरे, पण उंटाच्या पावलासारखे पसरायला शिकल्यावर.

मी ज्या यंत्रावर बसून हुरळलो होतो त्याचीही हीच गोष्ट. १९७० साली होंडा कंपनीने फुग्यासारखी मऊ टायरे लावलेली तीन चाकी गाडी बाजारात आणली. वाळू, चिखल, बर्फ, कशातही ती बुडत नसे. वळणावर मात्र उलटे. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. तोवर चार चाकांची क्वाड आलीच होती. टायर अजूनही तसेच, कमी हवेचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौ.ला चुकवून, मी वाटाड्याला घेऊन त्या म्हाताऱ्याकडे गेलो. वाटाड्याचे इंग्रजी माझ्या इंग्रजीइतकेच, त्यामुळे आमचे जमले. म्हाताऱ्याचे आजोबा उंटांवर कोळसा लादून डोंगर ओलांडून नाईलकाठी केन्याला विकायला नेत. वडिलांच्या काळात ट्रक आले आणि ते थांबले. आता त्याच्याकडे चार उंट आहेत आणि चारही पर्यटकांसाठी. काल आमच्या रांगेच्या पुढे क्वाडवर होता तो त्याचा नातू. नातवाबद्दल त्याची तक्रार नव्हती. "पोरगा अख्खे इंजिन उघडून पुन्हा बसवतो," तो कौतुकाने म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण कडक जमीन कुठे संपते आणि मऊ वाळू कुठे लागते, हे त्याला चाक रुतल्यावर कळते."

मी विचारले, "तुम्हांला कसे कळते?"

तो म्हणाला, "उंटाला कळते. मी उंटाकडे बघतो."

निघताना मी मागे पाहिले. आदल्या दिवशीच्या क्वाडच्या खुणा सगळीकडे पसरल्या होत्या, पोराने पाटीवर गिरगोटा करावा तशा. वाळवंटात पाऊस नाही, त्यामुळे खडीच्या जमिनीवरचे असे ओरखडे वर्षानुवर्षे बुजत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांच्या खुणा लिबियाच्या वाळवंटात काही ठिकाणी अजून दिसतात. उंटाची पावले मात्र शोधावी लागली.

मी काही यंत्राच्या विरुद्ध नाही. टायरची गाडी आली तेव्हा आमच्या गावच्या बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. केन्याला ट्रक गेला म्हणून त्या वाळवंटातल्या आजारी माणसालाही दवाखाना गाठता आला असेल. पण नवे आले की ते जुन्याचे ज्ञान पोटात घालते आणि जुन्याचे नाव खोडते. ते नाव लिहून ठेवणे हे इतिहासाच्या मास्तराचे काम. मी ते केले नव्हते.

सुटी संपून शाळा भरली. नववीचा तास होता. माळ्यावरून आबांचा एक बाभळीचा तुंबा काढून, धूळ पुसून मी वर्गात नेला होता. फळ्यावर शिडी काढली नाही. तुंबा टेबलावर ठेवला आणि विचारले, "हे काय आहे?" मुलांनी उखळ, मुसळाचा ठोकळा, डमरू अशी उत्तरे दिली. शेवटच्या बाकावरचा जांबोटीकडचा एक मुलगा उठला, पुढे आला, आऱ्याच्या एका भोकात बोट घालून म्हणाला, "सर, भोकं सरळ नाहीत. जरा तिरकी पाडल्यात. कशाला?"

आरे बाहेरच्या अंगाला किंचित कललेले असले तर खडबडीत वाटेवर गाडी हिंदकळताना चाक मोडत नाही. आबांनी मला हे लहानपणी सांगितले होते. मी ते चाळीस वर्षांनी पहिल्यांदा वर्गात सांगितले, आणि सांगताना त्यांचे पूर्ण नाव फळ्यावर लिहिले.